“भुसावयले? पायी?”

शेजारच्या ताई दरवर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात. आम्ही ईस्टरआधीच्या उपवासकाळात चालत भुसावळला जाणार हे त्यांना कळलं, तेव्हापासून त्यांनी त्याला वारीच म्हणायला सुरुवात केली. “तुमची वारी कधी निघणार? बाटलीत लिंबू-मीठ-साखर घ्या. मोजे दोन जोड घ्या. नवी चप्पल घालून गेलात तर मेलात.” फादरांनी दिलेल्या सगळ्या सूचनांपेक्षा ही एक कामाची निघाली.

२०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, पंचवीस वर्षांनी एकदा येणारं. पोप फ्रान्सिस यांनी त्याला ‘आशेचे यात्रेकरू’ असं ब्रीद दिलं होतं. रोमचं पवित्र दार ओलांडायला जाणं आमच्या अकरा जणांपैकी कुणाच्याच खिशात नव्हतं. म्हणून जळगाव ते भुसावळ, असोदा-भादली-नशिराबादवरून, तीसेक किलोमीटर. दिवस ठरला शुक्रवार, २८ मार्च. वाटेत थांबत थांबत क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं करायची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे चौदा प्रसंग आठवायचे.

राखेच्या बुधवारी, ५ मार्चला, फादरांनी प्रत्येकाला एकेक वही दिली होती. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लागली, ‘तू माती आहेस’ हे ऐकून झालं आणि बाहेर पडताना हातात वही. रविवार सोडून चाळीस दिवस, रोज पहाटे शास्त्रातला उतारा वाचायचा आणि चार ओळी लिहायच्या. मला लिहायची सवय नाही. माझ्या वहीत दुसऱ्या दिवशी आहे : “चहा सोडला.” तिसऱ्या दिवशी : “डोकं ठणकतंय. मुलावर विनाकारण ओरडले.” पाचव्या दिवशी : “चहा धरला. ओरडणं सोडता येतं का बघते.” याला मनन म्हणावं की नाही, कोण जाणे.

कुणी कोणत्या स्थानावर बोलायचं, त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. मला चौथं हवं होतं, येशूला आई भेटते ते. आलं पाचवं, कुरेनेचा शिमोन. सिस्टर हसून म्हणाल्या, “काकू, चिठ्ठी अगदी बरोबर माणसाला आली. चार वर्षं सासूबाईंचा क्रूस वाहिलात ना!” मीही हसले. आतून चिडले होते.

सासूबाईंना पक्षाघात झाला आणि शेवटची चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. सासरे भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर. ते गेल्यावर त्या आमच्याकडे जळगावला आल्या. दोन्ही नणंदा बाहेरगावी, फोन मात्र रोज. सगळे म्हणायचे, काय सेवा केली हिनं! पण रात्री दोनला त्यांची हाक यायची तेव्हा मी काय करायचे हे कुणालाच माहीत नाही. भिंतीकडे तोंड करून पन्नास आकडे मोजायचे. पन्नास होईपर्यंत उठायचं नाही. कधी कधी पन्नासपर्यंत त्या थकून गप्प व्हायच्या. मग सकाळी ओठ कोरडे दिसायचे.

मार्काच्या शुभवर्तमानात शिमोनाला जेमतेम एक ओळ आहे. हा माणूस रानातून येत होता, वाटेने चालला होता, सैनिकांनी त्याला येशूचा क्रूस वाहायला वेठीस धरलं. मराठी बायबलातला तो ‘वेठीस’ शब्द मी आधी किती वेळा ऐकला असेन, पण चिठ्ठी हातात आल्यावर पहिल्यांदा टोचला. वेठ म्हणजे पाटलाच्या वाड्यावर फुकट राबायला न्यायचे ती. त्यात सेवा कुठून आली? शिमोनाला कुणी विचारलंच नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो. क्रूस आमच्यातल्याच एकांनी केलेला, जुन्या घराच्या दाराची चौकट कापून. दाळमिलच्या काट्यावर अकरा किलो भरला. उभ्या लाकडात कडी-कोयंड्याचं भोक तसंच राहिलं होतं. पाळीपाळीने वाहायचा होता. मी आधीच सांगून ठेवलं होतं, माझा डावा खांदा दुखतो, मला पाळी लावू नका.

असोदा अंधारातच आलं. बहिणाबाईंचं माहेर हे. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. मला माझी वही आठवली आणि लाज वाटली. लिहिता येतं, आणि लिहिलं काय, तर चहा. गावाबाहेर एक आजी शेणाची पाटी घेऊन उभी होती.

“कोठी चालले व माय?”

“भुसावळला.”

“भुसावयले? पायी?” तिने क्रुसाकडे पाहिलं, मग आमच्या पायांकडे. “अन् गाड्या बंद हायेत का?”

सगळ्यांत मोठ्याने हसले आमच्याबरोबरचे मास्तर. ते आमच्या चर्चचे नाहीत. अलायन्सवाले, म्हणजे प्रॉटेस्टंट, निवृत्त शिक्षक, पाठीवरच्या पिशवीत टाळ. उपवासकाळ वगैरे त्यांच्याकडे आमच्यासारखा पाळत नाहीत, पण चालायला तयार. सहावं स्थान आलं, वेरोनिका येशूचा चेहरा पुसते ते, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “हे शास्त्रात कुठं आहे?” शास्त्रात नाहीच. येशूचं तिन्ही वेळा पडणंही नाही. फादर म्हणाले, “परंपरेत आहे.” मास्तर म्हणाले, “तरी रुमाल ओला केला बाईनं, चांगलंच केलं,” आणि परत टाळ काढून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं भजन सुरू केलं. टिळकांपुढे आमचं कॅथलिक-प्रॉटेस्टंट सगळं गळून पडतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. टाळाबरोबर चाललं की पावलं आपोआप पडतात, हे वारकऱ्यांना आमच्याआधी किती शतकं माहीत आहे!

पण पाचव्याबद्दल सांगायचं राहिलं. ते सहाव्याच्या आधीचं, असोदा सोडल्यावरचं.

क्रूस कॉलेजातल्या एका मुलाकडे होता. नवे बूट घालून आलेला (ताईंचं ऐकायला हवं होतं). टाचेला फोड आले आणि तो लंगडायला लागला. पुढचे पुढे गेलेले, मागे मी आणि तो. “काकू, पाचच मिनिटं धरता?” नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर लाकूड खांद्यावर आलेलं होतं. आधी राग आला. पुढच्यांना हाका मारल्या, टाळात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग मी मोजायला लागले. पन्नास पावलं, मग ठेवून देईन. पन्नास झाली. परत पन्नास. कोणत्या पन्नासाला ते आठवत नाही, पण रात्रीचं ते मोजणं आठवलं आणि मी रस्त्यातच थांबले.

दोन्ही बाजूंना केळी. एका बागेत कापणी चालू होती, माणसं घड खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे येत होती. त्यातला एक गडी घड ठेवून सरळ आमच्याकडे आला. चिकाने शर्ट काळा पडलेला. “ताई, असं नाही घ्यायचं. हाड घासतं.” त्याने आपल्या खांद्यावरची गादी काढली. पोत्याच्या तुकड्यात वाळलेली केळीची पानं भरून शिवलेली ती. माझ्या खांद्यावर ठेवली आणि क्रूस थोडा मागे सरकवला. “वजन मागं पाह्यजे. पुढं ठेवलं की मान मोडते.” मग माझा हात धरून अंगठा त्या कडीच्या भोकात घातला. “हां. आता नाही घसरत.” गादीचं काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, “दुसरी शिवीन,” आणि कामाला निघून गेला. नाव विचारायचंही राहून गेलं.

तो मुलगा डोळे मोठे करून म्हणाला, “काकू, हाच शिमोन! रानातून आला!” मी म्हटलं, गप चल. प्रत्येक माणसाला धरून शास्त्रात बसवायची आपल्याला खोड असते. तो केळी कापणारा माणूस होता. त्याला वजन कसं उचलायचं ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

पुढच्या झाडाखाली सगळे थांबले होते. मी चार ओळी बोलणार होते, पाठ केलेल्या. त्या सोडल्या आणि पन्नास आकड्यांचं सांगितलं. कुणी काही बोललं नाही. सिस्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. मग मी शिमोनाच्या बायकोबद्दल बोलले. मार्क त्याच्या पोरांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे वाचणाऱ्यांना ती पोरं माहीत असणार. पौल रोमकरांना पत्र लिहिताना शेवटी एका रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईलाही, ती माझीही आई, म्हणून. हा रूफ तोच असं बरेच जण मानतात. तोच असला तर ही बाई शिमोनाची बायको. तो त्या दिवशी उशिरा, खांदा सोलवटून घरी आला असेल तेव्हा तिने काय विचारलं असेल? कुठे होतास, भाकरी गार झाली. आणि त्याने काय सांगितलं असेल? मला वाटतं, धरून नेलं, एवढंच.

सातवं स्थान भादली स्टेशनाबाहेर झालं. येशू दुसऱ्यांदा पडतो. बालकवी इथेच गेले, ५ मे १९१८ ला, रूळ ओलांडताना गाडीखाली, अवघे सत्तावीस वर्षांचे असताना. धरणगावचा हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिलेला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवलेला. मास्तरांनी टाळ पिशवीत ठेवले. एक मालगाडी गेली, खूप लांबलचक. ती संपेपर्यंत आम्ही उभे राहिलो. भाषण कुणी केलं नाही, बरं झालं.

नशिराबादला दहाच्या पुढे पोचलो. ऊन असं की डांबर चपलेला धरायला लागलेलं. चार वाजेपर्यंत लिंबाखाली पडून राहिलो, कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. त्या दिवशी रमजानचा शेवटचा जुम्मा. गल्लीतून पांढऱ्या टोप्यांची रांग मशिदीकडे चाललेली. एका दुकानदाराने आमच्या बाटल्या भरून दिल्या. त्याचा स्वतःचा रोजा, पहाटेपासून घोटभर पाणी नाही. “तुमच्या उपवासाला पाणी चालतं? भाकरीपण?” मी म्हटलं, मटण नाही चालत शुक्रवारी. तो इतका हसला की मला पुढे समजावून सांगायचं सुचेना.

साकेगाव, वाघूर, हायवेचे ट्रक, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाय होते एवढंच आठवतं. भुसावळच्या चर्चच्या आवारात चौदावं स्थान झालं तेव्हा साडेसात वाजून गेले होते. पाच दिवसांपूर्वी इस्पितळातून घरी गेलेल्या पोपसाठी प्रार्थना झाली. मग मी एकटीच कबरस्तानात जाऊन आले. बॅटरीच्या उजेडात सासूबाईंच्या दगडावरची माती पुसली. बाटलीत उरलेलं पाणी तिथे ओतलं. का ओतलं, ते वहीत अजून लिहिलेलं नाही.

परतीची गाडी रात्रीची, जनरलचा डबा. चढताना दारात क्रूस अडकला. “हे काय घेऊन चढले व माय, जागा हाय का?” एका बाईने आवाज चढवला, मग पाय आखडून जागा केली. क्रूस दाराजवळच्या पत्र्याला टेकवून मी शेजारी उभी राहिले, घसरू नये म्हणून अंगठा कडीच्या भोकात. दिवसभर चाललो ते अंतर अर्ध्या तासात मागे जाणार होतं. भादली आलं आणि गेलंही. त्या बाईला पिशवी ठेवायला कुठेच जागा मिळेना. तिने इकडेतिकडे बघितलं आणि मेथीची जुडी डोकावणारी ती पिशवी क्रुसाच्या आडव्या लाकडाला अडकवली.

“जळगावले उतरताना देजा बरं का.”

मी मान हलवली.