नॅसचा घरघरणारा फॅन बदलला – माझा अनुभव

आमच्याकडे हॉलमध्ये टीव्हीच्या खालच्या कप्प्यात दोन डिस्कवाला नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणारा हार्ड डिस्कचा डबा, घरातले सगळे फोटो, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं, इन्शुरन्सचे आणि फ्लॅटचे कागद स्कॅन केलेले, झालंच तर सगळ्यांच्या मोबाईलचा बॅकअप, असं सगळं त्याच्यावर. बरीच वर्षं बिनबोभाट चालला. मग एका थंडीत असं सुरू झालं की सकाळी लाईट जाऊन परत आली की तो घर्रर्र करत उठायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप शांत व्हायचा, त्यामुळे दुर्लक्ष करणं सोपं होतं. उन्हाळा आला तेव्हा घरघर दिवसभर राहायला लागली, आणि रात्री सिरीयल संपून टीव्ही बंद झाला की फक्त तोच ऐकू यायचा. बायको म्हणाली, ते तुझं यंत्र बाल्कनीत तरी ठेव नाहीतर बंद तरी कर. बाल्कनीत ठेवायचा प्रश्नच नाही, समोर बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथली धूळ बघितली तर कुठलंच मशीन तिथे टिकणार नाही.

बहुतेक जण इथे लगेच फॅन मागवतात. पण नॅसमध्ये आवाज करणारे तीन जण असतात, फॅन आणि दोन हार्ड डिस्क, आणि डिस्कचा आवाज असेल तर काम फॅनचं नाही, तातडीने डेटा हलवायचं आहे. म्हणून आधी आवाज कोणाचा ते नक्की करायचं ठरवलं.

सोपी टेस्ट ही की सेटिंगमध्ये जाऊन फॅनचा मोड बदलायचा. फुल स्पीड केला की आवाजाची पट्टी चढली, क्वाएट केला की उतरली, म्हणजे फॅनच. डिस्क एकाच स्पीडने फिरते, तिला तुमच्या मोडशी देणंघेणं नसतं. पण मला अजून खात्री हवी होती म्हणून मोबाईलवर एक फुकटचं स्पेक्ट्रमचं ॲप टाकलं, ज्यात कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज ते दिसतं. हिशोब साधा आहे, ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते म्हणजे तिचा गुंईं आवाज ९० हर्ट्झला, ७२०० वाली असेल तर १२० ला. फॅन १५०० ने फिरत असेल तर सेकंदाला २५ फेऱ्या, आणि सात पाती असतील तर पात्यांचा आवाज २५ गुणिले ७, म्हणजे १७५ हर्ट्झच्या आसपास. माझ्याकडे ९० ला एक छोटी स्थिर रेघ होती आणि वरती सगळीकडे विस्कटलेला गोंधळ, जो मोड बदलला की सरकायचा. शेवटी मागच्या जाळीतून एक लाकडी काडी अलगद घालून फॅनचा मधला गोल भाग दोन सेकंद दाबून धरला. आवाज बंद. काडी पात्यांमध्ये घालू नका, पातं तुटतं, आणि जास्त वेळ तर अजिबात धरू नका.

थंडीत सुरुवातीला जास्त आणि मग कमी, ही स्लीव्ह बेअरिंगची खूण आहे. स्वस्तातल्या फॅनमध्ये धातूच्या नळीत तेल असतं आणि त्यात दांडा फिरतो. तेल हळूहळू उडतं, धूळ मिसळून घट्ट होतं, थंडीत अजूनच घट्ट होतं, गरम झालं की जरा सैल पडतं. बॉल बेअरिंगचा फॅन टिकतो जास्त पण त्याचा स्वतःचा बारीक आवाज असतोच, आणि फ्लुइड बेअरिंग नावाचा प्रकार स्लीव्हचीच सुधारलेली आवृत्ती, शांत आणि टिकाऊ, पण महाग.

शेजारच्या काकांनी सुचवलं की मागचं स्टिकर सोलून शिलाई मशीनचं एक थेंब तेल टाक. हा उपाय खोटा नाही, मी पूर्वी पीसीच्या फॅनवर केलाय, काही आठवडे छान जातात. पण ते तेल पातळ असतं, परत उडतं, आणि एकदा सोललेलं स्टिकर नीट चिकटत नाही त्यामुळे पुढच्या वेळी अजून लवकर. पीसी चालेल तसा चालवता येतो, चोवीस तास चालू राहणाऱ्या आणि घरातले सगळे फोटो असलेल्या डब्यात मला ते नको होतं. आणि गंजलेले नट सोडवायचा स्प्रे तर चुकूनही मारू नका, तो उरलंसुरलं तेलही धुवून काढतो.

आता फॅन कुठला. मागून पट्टीने मापलं, चौकटीची बाजू ९२ मिलिमीटर. जाडी २५ असणार हे नेहमीचंच. इथूनच खरी गंमत. ८० आणि १२० चे फॅन कुठेही मिळतात, ९२ म्हणजे अडनिडं माप. तरीपण तपकीर गल्लीत चक्कर मारली, कारण तिथे मिळत नाही अशी इलेक्ट्रिकची वस्तू पुण्यात क्वचितच असते.

"काका, ९२ एमएमचा बारा व्होल्ट डीसी फॅन आहे का?"
"इंचात सांगा."
"साडेतीनच्या जरा वर."
काकांनी आतून एक मस्त जड, धातूच्या चौकटीचा फॅन आणला. "हा घ्या, मरणार नाही."
उलटा करून बघितलं तर २३० व्होल्ट एसी. "अहो काका, हा स्टॅबिलायझरचा झाला."
"मग बारा व्होल्टमध्ये ऐंशी घेऊन जा आणि पट्टी मारून बसवा, सगळे तसंच करतात."

काकांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, पण ऐंशीचा फॅन तेवढीच हवा ढकलायला जास्त जोरात फिरवावा लागतो म्हणजे आवाज आलाच, आणि कडेला उरलेल्या फटीतून हवा परत आत ओढली जाते. पुढच्या एका दुकानात ९२ चा सापडला, दोन-तीनशे रुपयांत, पण त्यावर ना कंपनीचं नाव ना बेअरिंगचा प्रकार, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी हाच कार्यक्रम परत. शेवटी ऑनलाईन नॉक्टुआचा ९२ एमएम, तीन पिनचा मागवला, शिपिंग धरून दोन हजाराच्या आत पडला. ही ऑस्ट्रियाची कंपनी, त्यांच्या तपकिरी फॅनच्या रंगाला लोक नावं ठेवतात पण सहा वर्षांची वॉरंटी देतात. फॅनला दोन हजार ऐकून आईने "अरे, एवढ्यात सीलिंगचा येतो" म्हटलं, ते खरंच आहे, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फॅन येईपर्यंत नॅस उघडून आतलं कनेक्शन बघून घेतलं, आणि हा भाग नीट वाचा कारण बोर्ड जळू शकतो तो इथेच. पीसीच्या तीन पिनच्या फॅनमध्ये ठरलेला क्रम असतो, कडेला काळी म्हणजे ग्राउंड, मध्ये लाल म्हणजे १२ व्होल्ट, मग पिवळी म्हणजे स्पीडचा सिग्नल. माझ्या नॅसमधल्या जुन्या फॅनच्या कनेक्टरमध्ये काळी आणि लाल यांची अदलाबदल होती! कनेक्टरचं माप तेच, खाच तीच, नवा फॅन बिनतक्रार आत बसला असता आणि उलटा करंट गेला असता. कंपन्या असं का करतात देव जाणे. काही नॅसमध्ये तर कनेक्टरच बारका असतो, पीसीच्या फॅनच्या पिनांमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर असतं, ते त्यात जातच नाही, म्हणजे निदान घोटाळा तरी होत नाही.

आणि रंगांवर विसंबू नका. तीन वायरींच्या जुन्या फॅनमध्ये पिवळी म्हणजे स्पीडचा सिग्नल, पण चार वायरींच्या फॅनच्या ठरलेल्या रंगांमध्ये पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, हिरवी म्हणजे स्पीड आणि निळी म्हणजे कंट्रोल. त्यामुळे मी मल्टिमीटर काढला. नॅस पूर्ण बंद, अडॅप्टर काढलेला, मीटर बीपच्या खुणेवर, एक टोक यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेला आणि दुसरं टोक बोर्डवरच्या फॅनच्या एकेका पिनेला. जी पिन बीप देते ती ग्राउंड. माझ्याकडे मधली निघाली, म्हणजे जुन्या वायरींचे रंग खरं बोलत होते.

नॉक्टुआच्या खोक्यात एक छोटी एक्स्टेन्शन वायर येते, तिचा मला फार उपयोग झाला. फॅनच्या स्वतःच्या वायरीला हात लावला नाही, एक्स्टेन्शनच्या बोर्डकडच्या टोकाला असलेल्या खिडक्यांमधून सुईने पिनेची पितळी जीभ दाबली की वायर मागून ओढता येते, तशा दोन वायरी काढून जागा बदलल्या. जीभ परत जराशी वर उचलून मग आत सरकवायची, टिक असा आवाज आला पाहिजे नाहीतर पिन मागे सरकून सुटते. चष्मा लावून करा. उद्या हा फॅन पीसीत वापरायचा झाला तर एक्स्टेन्शन काढली की काम झालं.

प्रत्यक्ष बदलणं त्यामानाने किरकोळ. आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला, दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारं रेड वन आहे म्हणून बॅकअप नको असं समजणारे भेटतात, पण रेड म्हणजे एक डिस्क मेली तर दुसरी आहे एवढंच, तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तर दोन्हीकडून एकदमच जातं. मग सॉफ्टवेअरमधून शटडाऊन, दिवा विझेपर्यंत थांबायचं, अडॅप्टर काढायचा. डिस्कवर १ आणि २ अशा चिठ्ठ्या लावून त्या काढून सतरंजीच्या घडीवर ठेवल्या. मागचे दोन स्क्रू स्टीलच्या वाटीत. केसचे दोन अर्धे भाग असतात, एक भाग बोटभर पुढे सरकवला की सुटतो, प्लॅस्टिक कडकड करतं तेव्हा पोटात गोळा येतो पण तसंच असतं ते.

आत गोधडीसारखा धुळीचा थर. जाळीवर, फॅनच्या पात्यांच्या कडांवर, डिस्कच्या पिंजऱ्याच्या मागे. रंगाच्या मऊ ब्रशने सगळं काढलं. फॅनचे चार स्क्रू, त्यांच्याखाली रबराच्या चकत्या होत्या त्या जपून ठेवल्या आणि नव्यालाही त्याच लावल्या, कारण बराचसा गुंईं आवाज फॅनचा नसतोच, फॅनची थरथर प्लॅस्टिकला लागून मोठी होते. हवेची दिशा आदल्या दिवशीच उदबत्तीने बघून ठेवली होती, मागून धूर बाहेर ढकलला जात होता, म्हणजे फॅन आतली हवा बाहेर टाकतो. फॅनच्या ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, ती बाजू जाळीकडे. उरलेली वायर पिंजऱ्याच्या कडेला टायने बांधली, पात्यांना लागली तर सगळं मुसळ केरात.

चालू केला, एक बीप, डिस्क जागच्या जागी सापडल्या, आणि आवाज इतका कमी की फॅन फिरतोय का हे बघायला मागे हात धरला. हौसेने क्वाएट मोड टाकला तर थोड्या वेळाने मेसेज, फॅन नीट चालत नाहीये. तीन पिनच्या फॅनचा स्पीड नॅस व्होल्टेज कमी करून खाली आणतो, आणि हा फॅन मुळातच जुन्यापेक्षा सावकाश फिरणारा, त्यामुळे क्वाएटमध्ये तो नॅसला अपेक्षित असलेल्या आकड्याच्या खाली जातो. फॅन दर फेरीला दोन पल्स पाठवतो त्या मोजूनच नॅस हे ठरवतो. खोक्यात स्पीड अजून कमी करणाऱ्या वायरीही येतात, त्या माझ्यासारख्या केसमध्ये लावू नका. मधल्या कूल मोडवर ठेवला, मेसेज परत आला नाही, आणि नव्याचा कूल हा जुन्याच्या क्वाएटपेक्षाही शांत आहे.

तापमानावर काही दिवस लक्ष ठेवलं. ऐन मे महिन्यात दुपारी डिस्क ४२-४३ अंशांवर, आधी ४५ च्या आसपास असायच्या, अर्थात त्यात धूळ काढल्याचा वाटा मोठा असणार. याची फार चिंताही करू नये असं माझं मत झालंय. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात तापमान आणि डिस्क मरणं यांचा संबंध लोक समजतात तेवढा सरळ निघाला नव्हता, खूप जास्त तापमानाला आणि डिस्क जुन्या झाल्यावरच तो ठळक दिसला.

एक राहिलं. आता दर दिवाळीच्या साफसफाईत नॅसलाही ब्लोअर मारायचं ठरवलंय, पण तेव्हा फॅनचा मधला भाग बोटाने धरून ठेवायचा. नाहीतर ब्लोअरच्या हवेने फॅन त्याच्या मर्यादेबाहेर गरागरा फिरतो, बेअरिंगला ते सोसत नाही, आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डकडे पाठवते ते वेगळंच.