कल्पाक्कमला जाताय? पूर्ण दिवस हाताशी ठेवा

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरम मागे टाकलं की थोड्याच वेळात कल्पाक्कम येतं. एम.एस्सी.च्या आम्ही चौघी इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात गेलो त्या एकाच प्रयोगासाठी: अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून उरणाऱ्या द्रवातलं नायट्रिक ॲसिड विजेने घालवणं.

वापरलेलं इंधन गरम, तीव्र ॲसिडमध्ये विरघळवून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतात. मागे उरतं 3-4 मोलर (म्हणजे लिटरला 3-4 मोल) ॲसिड आणि त्यात जवळजवळ सगळा किरणोत्सार. ते आटवून काचेत बंदिस्त करायचं, पण आटताना ॲसिड चढत जातं आणि स्टीलची भांडी खातं. फॉर्माल्डिहाइड घातलं तर ॲसिड कमी होतं खरं, पण ती अभिक्रिया आधी गप्प बसते आणि मग एकदम उसळते. विजेच्या पद्धतीत लगाम प्रवाहाच्या हातात, आणि बाहेरून काहीच घालावं लागत नसल्यामुळे कचरा वाढत नाही. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

आम्हाला दाखवलं ते किरणोत्सार नसलेल्या द्रावणावर. पाव लिटर, 4 मोलर, प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या जाळ्या. प्रवाह सुरू झाला. कॅथोडवरचे, म्हणजे ऋण टोकाच्या जाळीवरचे, बुडबुडे रंगहीन होते. द्रावणाबाहेर हवा लागली आणि त्यांचा तांबूस धूर झाला. नायट्रिक ऑक्साइड पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, ते त्या दिवशी पाहिलं. हा वायू शोषून पुन्हा ॲसिड मिळवता येतं.

जाणाऱ्यांनी आधी गणित करून जा. एक मोल ॲसिड नायट्रिक ऑक्साइडपर्यंत न्यायला सुमारे 80 अँपिअर-तास लागतात. म्हणजे पाव लिटर 4 वरून अर्ध्या मोलरवर आणायला 10 अँपिअरने सात तास! अर्ध्या दिवसाची परवानगी घेऊन जाल तर शेवट बघायला मिळणार नाही.

परवानगीसाठी कॉलेजमार्फत दोन-तीन महिने आधी लिहा, ओळखपत्रावरचं नाव अर्जाशी अक्षरन् अक्षर जुळू द्या, मोबाइल मुक्कामीच ठेवा. पायांत बंद बूट हवेत. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे धो धो पाऊस, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी बरे.

आणि टायट्रेशन, म्हणजे अल्कली थेंबथेंब घालून ॲसिड किती उरलं ते मोजणं, स्वतः करायला मागा. द्रावणात धातूंचे आयन असतील तर नुसतं सोडियम हायड्रॉक्साइड घालून आकडा चुकतो, कारण ते आयनही अल्कली खातात. आधी पोटॅशियम ऑक्झलेट घालून त्यांना बांधून घ्यावं लागतं. आमचं पहिलं वाचन याच कारणाने जास्त आलं होतं.