एक कोटीला एक कमी

टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर छापलं होतं, '९९९९९९९ इन १'. दादाने एकं, दहं, शतं करत सातही नऊ मोजले आणि जाहीर केलं, "एक कोटीला एक कमी." तो एक गेम कोणी ढापला, हाच मला पडलेला पहिला प्रश्न.

(कॅसेटच म्हणायचो आम्ही. कार्ट्रिज हा शब्द मी पुढे नोकरीत ऐकला, तोही प्रिंटरची शाई संपली तेव्हा.)

दादाने नवी शंभर पानी वही काढली. तो गेम लावणार, मी नाव लिहिणार. मेनूवर समुद्रकिनारा, वर उडणारे पक्षी, आणि खाली न संपणारी यादी. १ मारिओ. २ कॉन्ट्रा. ३ टँक. याचं खरं नाव बॅटल सिटी, पण टँकला टँक सोडून दुसरं काय म्हणणार? ४ सर्कस. असं करत दहाव्या नंबरवर मेनूत काहीतरी नवंच नाव आलं आणि उघडला तो पुन्हा मारिओ, फक्त तिसऱ्या वर्ल्डपासून. अकरावर कॉन्ट्रा, भरपूर लाईफ घेऊन. मी इमानदारीत तेही लिहिलं. दीड पान भरल्यावर दादाने वही ओढून घेतली, एकसारखी नावं खोडली आणि उरलेली मोजली. नऊ. "सात वेळा नऊ छापलेत," तो म्हणाला, "त्यातला एक खरा निघाला."

यामागची करामत खूप नंतर कळली. गेम एकदाच भरलेला असायचा. मेनू तो सुरू करण्याआधी मेमरीतला लेव्हलचा किंवा लाईफचा आकडा बदलून ठेवायचा, झाला 'नवा' गेम. फसवणूक खरीच, पण दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये लाईफ नेमकी कुठे ठेवलीये हे हुडकणाऱ्याबद्दल मला आजही आदर आहे.

दुसऱ्या एका कॅसेटने मात्र मला रडवलं. स्टिकरवर बंदूकवाला पिळदार सैनिक, आत विमानं. आम्ही ती परत न्यायला गेलो तर विकणाऱ्याने ती त्याच्या टीव्हीला लावली, चित्र दिसतंय एवढं पाहिलं आणि म्हणाला, "चालतेय की!" चालत होतीच, वाद कसला घालणार?

त्या रागात दादाने तिचे स्क्रू काढले. एवढं मोठं पिवळं खोकं, आणि आत जेमतेम दोन बोटं रुंदीची हिरवी पट्टी. त्यावर चिपसुद्धा दिसेना, नुसता काळा टणक ठिपका, डांबराचा थेंब वाळल्यासारखा. बाकी सगळी हवा. पट्टीच्या कडेचे धातूचे दात खोडरबराने घासून आम्ही ती परत बंद केली, कारण दुसरी मिळणार नव्हती. विमानांचा गेम पुढे मला आवडायला लागला, हे दादाला मी कधी सांगितलं नाही.

आमचं मशीनही नकलीच, निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या जपानी गेम मशीनची, फॅमिकॉमची कॉपी. निन्टेन्डोने अमेरिकेत विकलेल्या मशीनमध्ये कुलपाची चिप घातली होती, कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी ओळख पटली तरच गेम चालणार. जपानी मशीनला ती नव्हती, म्हणून आमच्याही डब्यात काहीही खुपसलं तरी चालायचं. नाही चाललं तर फुंकर. फुंकरीने काहीच व्हायचं नाही म्हणे, काढून परत घातल्यामुळे संपर्क नीट बसायचा. उलट तोंडाच्या वाफेने पट्टीचे दात गंजायचे. म्हणजे आमच्या कॅसेटी आम्हीच मारल्या.

परवा भाच्याने अस्सल मारिओ लावून दाखवला. पहिल्याच स्क्रीनवर नावाखाली एक ओळ होती, १९८५ निन्टेन्डो. आमच्या कॅसेटमध्ये ती जागा कोरी होती, कोणीतरी पुसून टाकलेली. मी स्क्रीनजवळ जाऊन ओळ वाचली आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, हा डुप्लिकेट दिसतोय."

दादाला लगेच फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "वही आहे का गं तुझ्याकडे?"