पांढरीतली दोन मडकी

आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत सांगतात. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. जिथे पिढ्यानपिढ्या चुली पेटल्या, कुडाच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, राख, शेण आणि भुसा पायाखाली तुडवला जात राहिला, तिथली माती हळूहळू भुरकट होते आणि आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच दिसू लागते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावच्या शिवारात अशी पांढरीची टेकाडे आहेत. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्या कामाशी जोडलेली नावे आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. त्यांतल्या एका हंगामात मी विद्यार्थिनी म्हणून तिथे होते. माझ्याकडे एक खड्डा, एक वही आणि सहा मजूर सोपवलेले होते. त्या सहांपैकी एक बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि त्यांना आम्ही सगळेच आजी म्हणत असू.

सकाळची थंडी अजून गेलेली नव्हती. आदल्या दिवशी आम्ही एका घराच्या जमिनीपर्यंत पोहोचलो होतो. ती आयताकृती खोलीची चोपून सारवलेली जमीन होती. एका कोपऱ्यात चुलीची लाल भाजलेली माती आणि कडेने कुडाच्या मेढींची गोल भोके एका ओळीत दिसत होती. अशी जमीन उघडी झाली की ती आधी ब्रशाने लख्ख झाडायची, मग तिरप्या उन्हात तिच्याकडे निरखून पाहायचे, हा रिवाज होता. कारण जुन्या काळी कोणी ती जमीन फोडून खाली काही पुरले असेल, तर तेवढ्या भागाची माती रंगाने आणि पोताने वेगळी पडते. मला चुलीपासून हातभर अंतरावर एक लांबट गोल डाग दिसला. तिथली माती गडद होती, खुरप्याला मऊ लागत होती. थोडे उकरल्यावर जाड, करड्या मडक्याचा फुगीर भाग दिसला आणि मी वहीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, ‘धान्य साठवण्याचा रांजण, आडवा पडलेला’. त्याच वस्तीत धान्याची पेवे आणि कणग्या ठेवण्याचे ओटे मिळालेले होते, तेव्हा अंदाज अगदीच निराधार नव्हता. पण रांजण आडवा का पडेल आणि पडला तर जमिनीच्या खाली कसा जाईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. घाईची ही खोड मला पुढेही पुष्कळ वर्षे पुरली.

मडक्याची कड मोकळी करायला मी एका मजुराला छोटी कुदळ दिली. पहिलाच घाव जरा जोरात बसला आणि एक खापर निखळले. आजी घमेले डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

“ताई, कुदळ ठिवा,” त्या म्हणाल्या. “ह्ये लेकराचं हाय.”

आजी आधीच्या हंगामांतही कामाला होत्या. अशी मडकी निघताना त्यांनी पाहिलेली असणार. मी खाली बसले, कुदळ बाजूला ठेवली, बांबूची काडी आणि बारीक ब्रश घेतला. दुपारपर्यंतच्या चार तासांत जे समोर आले ते पुढे मी अनेकदा शिकवले आहे. एकाच मापाची नव्हेत, पण जवळपास तेवढीच दोन मडकी आडवी ठेवलेली होती आणि एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला भिडवलेले होते. दोन्ही हाताने घडवलेली, ओबडधोबड, रोजच्या वापरातली वाटावीत अशी. शेजारी मात्र लाल रंगाचे, काळ्या रेघांनी नक्षी काढलेले तोटीचे भांडे आणि एक वाडगा होता. ही जोर्वे पद्धतीची भांडी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती पहिल्यांदा ओळखली गेली म्हणून ते नाव. इनामगावात ही भांडी वापरणाऱ्या जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा साधारण इ.स.पू. १४०० ते १००० आणि नंतरचा इ.स.पू. १००० ते ७०० असा मानतात. आमची ती जमीन आधीच्या टप्प्यातली होती.

निखळलेल्या खापराच्या जागेतून मडक्याच्या आत पाहता येत होते. भेगांतून शतकानुशतके झिरपलेल्या बारीक मातीने ते जवळजवळ भरलेले होते. वरचा थर ब्रशाने सारल्यावर कवटीचे तुकडे दिसले. अंड्याच्या टरफलासारखे पातळ आणि तसेच किंचित वळलेले. त्यांच्याखाली दुधाच्या दातांच्या कळ्या होत्या, मुळे न फुटलेल्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. हाडांपेक्षा दात अधिक टिकतात आणि वय सांगायलाही तेच उपयोगी पडतात. हिरडीच्या बाहेर न आलेला दात किती घडला आहे, यावरून मूल किती महिन्यांचे होते याचा अंदाज बांधता येतो. इनामगावच्या दोनशेहून अधिक दफनांत मुलांची संख्या फार मोठी आहे. तो आकडा वर्गात सांगणे सोपे असते. दात काडीच्या टोकावर घेऊन कापसात ठेवणे तितके सोपे नाही, हे मला त्या दुपारी कळले.

जेवणाच्या सुट्टीत आजी भाकरी घेऊन खड्ड्याच्या काठावरच बसल्या. मी त्यांना विचारले की तुमच्यात काय करतात. दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, एवढे त्यांनी सांगितले. स्वतःची दोन मुले ओढ्याच्या काठी पुरली आहेत, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितले आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी काही बोलले नाही. मग त्यांनीच मडक्यांकडे बोट दाखवले. “पर ह्यांनी घरात ठेवलं. चुलीपाशी.” त्यात नवल होते, नापसंती नव्हती.

मी तेव्हा नुकतेच वाचलेले ज्ञान त्यांच्यापुढे मांडले. फुगीर मडके म्हणजे गर्भाशय, मूल जिथून आले तिथेच त्याला परत ठेवायचे, अशी त्या लोकांची कल्पना असावी, असे अभ्यासक म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आसंल. पर तोंडाला तोंड लावलं ते त्वांडावर माती पडू नये म्हून.”

या वाक्याने माझी पंचाईत झाली. गर्भाशयाची कल्पना सुंदर आहे आणि ती चूक आहे असे मला आजही म्हणायचे नाही. पण मातीतून तिला जितका पुरावा मिळतो, तितकाच आजींच्या म्हणण्यालाही मिळतो. पुरावा एवढाच की कोणीतरी दोन मडकी निवडली, घरातली जमीन फोडली, मूल आत ठेवले, तोंडे नीट जुळवली, शेजारी भांडी मांडली आणि वरून पुन्हा सारवून त्याच घरात स्वयंपाक चालू ठेवला. कृती आम्हाला दिसते. ती करताना मनात काय होते ते दिसत नाही. उत्खननाच्या तळावर एक जुनी थट्टा असे की ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही, तिच्या चिठ्ठीवर ‘धार्मिक विधीसाठी’ असे लिहून मोकळे व्हावे. त्या दुपारपर्यंत मी त्या थट्टेला हसत असे.

मोठ्या माणसांच्या दफनांत तर हा पेच आणखी घट्ट होतो. इनामगावात प्रौढांना बहुधा उत्तर-दक्षिण उताणे निजवून पुरलेले आहे आणि त्यांचे पाय घोट्याजवळून तोडलेले आहेत. मृताने भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून, हे स्पष्टीकरण पुस्तकांत आहे आणि गावातल्या मजुरांनाही ते क्षणभरही विचार न करता सुचत असे. पण त्याच वस्तीत, पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या आवारात, चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट फुगवलेला रांजण मिळाला आणि त्यात एक प्रौढ पुरुष गुडघे दुमडून बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. ते घर धान्यकोठाराजवळ असल्याने तो वस्तीचा प्रमुख असावा, असे उत्खनकांनी मानले. मग प्रमुखाच्या परत येण्याची भीती नव्हती, की तो परत यावा अशीच इच्छा होती? घरातल्या मुलांना दूर न नेता जवळ ठेवावेसे वाटणे आणि मोठ्यांचे पाय तोडणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसांनी केल्या आहेत. त्यांच्या ‘धर्मा’चे एका वाक्यात वर्णन करू पाहणाऱ्याने आधी या दोहोंची सांगड घालून दाखवावी.

देवतेचीही गोष्ट तशीच. इनामगावच्या एका घरात जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी पुरलेली मिळाली. तिच्याबरोबर शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती. सोबत बैल होता. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. दोहोंत काडी बसवली की देवी बैलावर स्वार होते. सगळे कच्च्या मातीचे, न भाजलेले. बेंदूर-पोळ्याला मातीचे बैल पुजणाऱ्या घरातल्या कोणालाही न भाजलेल्या मातीचा अर्थ लगेच लागतो : ही वस्तू कायमची नाही, एका प्रसंगापुरती आहे. पण म्हणून त्या देवीला आजच्या एखाद्या देवीचे नाव देऊन टाकणे मला मान्य नाही. इ.स.पू. ७००च्या सुमारास ही वस्ती ओस पडली. त्यानंतर महाराष्ट्रात देवांची नावे दगडावर वाचायला मिळतात ती थेट नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात. तिथे धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे, अश्वमेधाचा उल्लेख आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंचे हिशेब आहेत. मधली पाच-सहा शतके ओलांडून बिनशिराच्या देवीला त्या यादीत कुठे बसवायचे? ती यादी राजघराण्याची आहे. ज्या बाईने चुलीजवळ मूल पुरले, तिच्या तोंडी कोणते नाव होते ते कोणी कोरलेले नाही, आणि माझ्या मते आपल्या धर्मेतिहासाची अडचण हीच आहे की आपण तो नावांपासून सुरू करतो.

दुपारनंतर उरली ती नेहमीची कामे. पट्टी आणि उत्तरदर्शक बाण ठेवून छायाचित्रे घेतली, आलेख कागदावर आराखडा काढला, खोली मोजली. सकाळी लिहिलेले ‘धान्य साठवण्याचा रांजण’ हे शब्द मी खोडले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांच्यावर एक आडवी रेघ मारली, म्हणजे चूक वाचता यावी. शेऱ्याच्या रकान्यात ‘मुलाचे दफन, दोन कुंभ’ असे लिहिले आणि खाली पेन्सिलीने आजींचे वाक्य लिहिले. संध्याकाळी वही तपासणाऱ्या ज्येष्ठांनी ते वाचले, कोण म्हणाले ते विचारले, आणि पान उलटले.

मडकी उचलायला पुढचे दोन दिवस गेले. आतली माती तशीच ठेवून बाहेरून पट्ट्या गुंडाळल्या. एकत्र उचलली असती तर दोन्ही आपल्याच भाराने फुटली असती, म्हणून तोंडे सोडवावी लागली. ते काम मी स्वतः केले. दोन कडांच्या मधल्या फटीत बोटभर मऊ, बारीक माती साचली होती. ती मी वेगळ्या पुडीत घेतली आणि तिलाही क्रमांक दिला. त्या वेळी आजी दुसऱ्या खड्ड्यावर माती वाहत होत्या. ते काम त्यांनी मागून घेतले होते की मुकादमाने लावले होते, मला ठाऊक नाही.

शनिवारी मजुरी वाटताना त्या अंगठा उठवायला आल्या. पैसे मोजून पदरात बांधले आणि विचारले, मडकी कुठे गेली. मी म्हटले, पुण्याला.

“दोनी एकाच पेटीत धाडली न्हवं?”

मी हो म्हटले. पेट्या दोन होत्या. दोन्हींवर क्रमांक एकच होता, फक्त त्यापुढे ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलेले होते.