गळ टाकायचे दिवस

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो तोच पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, वैनगंगेवर मासे धरायला यायचंय. बेस्ट सीझन कोणता? रजा आधी टाकावी लागते." कळवतो म्हटलं आणि पंख्याकडे बघत पडून राहिलो. झोप गेली ती गेलीच.

आमच्याकडे कुणालाही विचारा, तो उन्हाळा सांगेल. चैत्र-वैशाखात नदी आटत आटत डोहांवर येते, मासोळ्या तिथंच कोंडतात. पवनीकडच्या रेतीत टरबूज-खरबुजांच्या डांगरवाड्या लागलेल्या, म्हणजे भुकेचीही सोय. पण मला ती मासेमारी मान्य नाही. डोहातली मासोळी धरणं म्हणजे पाय बांधलेल्या कोंबडीमागं धावणं. शिवाय ऊन! 45 अंशांत तापल्या रेतीवर बसून ज्याला छंद जोपासायचा असेल त्यानं खुशाल जोपासावा.

मग पावसाळा. मृगाचा पहिला गढूळ लोंढा आला की मासोळ्या नाल्यानाल्यानं वर चढतात, पार धानाच्या बांधीत येतात. रोहू, कतला, मृगळ यांची वीण याच वाहत्या पाण्यातली. आजोळी अशा वेळी पोरं टोपली, जुनं लुगडं, मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन बांधीत उतरायची आणि शाळेत मास्तर एकटेच हजेरी घ्यायचे.

पावसाळ्यातच एकदा आबाजींच्या मागं मागं गेलो होतो. सख्खे नव्हेत, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातले, पण गावच्या सगळ्या पोरांचे आबाजी. नदीला लागून एक खोलगट होतं, पुराचं पाणी तिथं थांबायचं. त्या पाण्यावर परातीएवढा लाल-केशरी डाग दिसला. डाग सरकत होता.

"मरळीची पिल्लं आहेत बाबू. खाली मायबाप असन."

नीट बघितलं तर काडीएवढी शेकडो पिल्लं, सगळी वळवळणारी. मध्येच पुंजका फुटायचा, एक काळं चपटं थोबाड वर येऊन हवा गिळायचं, लगेच खाली. पिल्लं पुन्हा गोळा. अशा वेळी पुंजक्यात बेडकी लावलेला गळ सोडला की मरळ भूक नसली तरी रागानं धावून येते, हे मला त्या वयातही ठाऊक होतं. गळही आमच्याजवळ होता. आबाजींनी दोरी गुंडाळली.

"धरा ना आबाजी!"

"कायले मारतं तिले? हे गेली त बाकीच्या मासोळ्या पिल्लायले खाऊन टाकतीन."

आणि तंबाखू मळत बसले. मला भयंकर राग आला होता, एवढी मोठी मरळ! पण तेव्हापासून पावसाळ्यात गळ टाकवत नाही. फार संतपणाही नको. आषाढात बाजारात मरळ दिसली तर भाव विचारतोच.

हिवाळ्याचं फारसं बोलण्यासारखं नाही. धान कापून, बांधून, चुरून घरात येईपर्यंत कुणाला सवड नसते. त्यानंतर पाणी नितळ, गार, आणि मासोळी तळाशी सुस्त. दुपारच्या उन्हाला हलली तर हलली.

राहता राहिला अश्विन. हस्त-चित्राचे दिवस, पूर ओसरलेला, पाणी ना गढूळ ना नितळ. गोठ्यामागं कुदळ मारली की गांडुळं मिळतात. गळाच्या दोरीला बांधलेली मोरपिसाची दांडी पाण्यावर उभी राहते आणि तिच्याकडे बघून खाली कोण आहे ते कळतं. बोटरी नुसत्या टिचक्या मारते, गांडूळ खाऊन मोकळी. वाम दांडी हळूच तिरपी करत दगडाकडे नेते. दांडी एकदम गडप झाली तर मात्र उठून उभं राहायचं. माझं मत विचाराल तर हेच दिवस. अडचण एवढीच, की घरी नवरात्र असतं. धरलेलं सगळं शेजाऱ्याला द्यायचं आणि त्याच्या घरचा वास घेत वरईचा भात खायचा.

अर्थात हे सगळं जुन्या नदीचं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला झालं. आजोळ धरणाच्या वरच्या अंगाला, ते यथावकाश उठलं. डोह, ते खोलगट, सगळं पाण्याखाली. खाली पवनीकडं पाणी कधी चढणार ते 33 दरवाज्यांपैकी किती उघडतात त्यावर. आबाजींचा नातू आता धरणात नावेनं जाळं टाकतो. मागं भेटला तेव्हा त्याला विचारलं, तुमच्या हिशेबानं दिवस कोणते चांगले?

"आमाले कोणते दिवस, मामाजी? रोजच जा लागते."