कट किती फास्ट मारायचा?

एडिटिंग शिकणारी मुलं मला हमखास विचारतात, ‘ताई, ॲक्शनला कट किती सेकंदाला मारायचा?’ (कट म्हणजे एक शॉट संपवून दुसऱ्यावर जाणं.) आणि एडिटिंगशी काही देणंघेणं नसलेली माणसं, शेजारी, मावसभावंडं, लग्नाच्या पंगतीत बाजूला बसलेले कुणीतरी काका, विचारतात, ‘ते बॉर्नचे सिनेमे बघताना आमचं तर डोकं गरगरतं, तुम्हाला कसे काय आवडतात?’ प्रश्न वेगळे असले तरी उत्तर एकच आहे, आणि ते वरण-भात निवायच्या आत सांगून होत नाही. म्हणून लिहून काढते.

आधी आकडा, कारण मुलांना आकडा हवाच असतो. ‘द बॉर्न अल्टिमेटम’, जेसन बॉर्न या नायकाच्या हॉलिवुड ॲक्शनपटांपैकी एक, २००७ साली आला. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास, एडिटर ख्रिस्तोफर राउझ. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकन सिनेअभ्यासकाने तेव्हा चिकाटीने त्यातले शॉट मोजले होते. सरासरी शॉट निघाला साधारण २ सेकंदांचा. ही सरासरी नुसत्या मारामारीची नाही, अख्ख्या सिनेमाची आहे. माणसं टेबलाभोवती बसून बोलतात ते सीनसुद्धा त्यात आले. तर घ्या, २ सेकंद. आता तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर दर दोन सेकंदांनी कट मारा आणि प्ले करून बघा. फास्ट काही वाटणार नाही, नुसती कटकट वाटेल.

का, ते सांगायला मी नेहमी गोव्याचं उदाहरण घेते. ‘द बॉर्न सुप्रीमसी’ हा २००४चा, ग्रीनग्रासचा या मालिकेतला पहिला सिनेमा. त्याआधीचा ‘आयडेंटिटी’ २००२चा, डग लायमनचा. ‘सुप्रीमसी’ची सुरुवात गोव्यात होते आणि ती खरोखर गोव्यातच शूट झाली आहे. स्मृती गेलेला सीआयएचा मारेकरी जेसन बॉर्न, म्हणजे मॅट डेमन, आणि त्याची मैत्रीण मारी तिथे लपून राहतायत. किरिल नावाचा रशियन मारेकरी गावात येतो. बॉर्नला तो नुसता दिसतो आणि संशय येतो: कपडे, केस, चंदेरी ह्युंदाई, काहीच तिथलं वाटत नाही. मग पाठलाग. एका जीपमध्ये हे दोघं, मागे ती ह्युंदाई, अरुंद रस्ते, माणसं बाजूला उड्या मारतायत. गोव्याच्या आतल्या रस्त्यांवर समोरून बस आल्यावर काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना यातली भीती वेगळी सांगायला नको.

या पाठलागाच्या मध्येच बॉर्न मारीला म्हणतो, तू चालव. पळत्या गाडीत दोघं जागा बदलतात. काही सेकंदांचं काम. स्टंट म्हणावा असं त्यात काही नाही, कुणी उडत नाही, काही फुटत नाही. पण आपण ते पाहिलेलं असतं आणि किरिलने नाही. तो लांबून रायफल रोखतो ती ड्रायव्हरवर. गोळी मारीला लागते, गाडी पुलावरून नदीत जाते आणि किरिल आपलं काम झालं असं समजून निघून जातो.

आता एडिटर म्हणून विचार करा. हा सीन लांबला, थोडा ट्रिम कर, असा निरोप आला तर काय उडवाल? गाडी वळण घेते, आरशात दुसरी गाडी दिसते, लोक पळतात, असे शॉट ढिगाने असतात, त्यातले चार गेले तर कुणाला कळणारही नाही. जागा बदलण्याचे तेवढे दोन-तीन शॉट काढलेत, तर मात्र मारीचं मरण नुसता अपघात होऊन बसतं. पुढचा सगळा सिनेमा त्या अदलाबदलीवर उभा आहे. फास्ट सिनेमा म्हणजे माझ्या लेखी हाच: प्रत्येक तुकड्यातून काहीतरी कळतं, आणि कळलं की तो तुकडा संपतो. अर्ध्या सेकंदात कळलं तर अर्ध्या सेकंदात, दहा लागले तर दहा.

याची उलट बाजूही बघायला मिळते. बॉर्नचा इतका बोलबाला झाला की खुद्द जेम्स बॉन्डच्या मंडळींनी २००८च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’साठी बॉर्नचे सेकंड युनिट दिग्दर्शक, म्हणजे पाठलाग-स्टंट शूट करणाऱ्या दुसऱ्या टीमचे प्रमुख, डॅन ब्रॅडली यांना घेतलं, आणि दोन एडिटरांपैकी एक, रिचर्ड पिअरसन, ‘सुप्रीमसी’वर काम केलेले. सिनेमा उघडतो तोच इटलीतल्या कार पाठलागाने. तुकडे बारीक, आवाज जबरदस्त, गाड्या एकाहून एक. तरी मला तो पाठलाग कोरडा वाटतो. बॉन्डच्या गाडीच्या डिकीत एक माणूस कोंडलेला आहे आणि म्हणून हे सगळं चाललंय, हे आपल्याला पाठलाग संपल्यावर दाखवतात! तोवर या गाड्या एकमेकींना का ठोकतायत याचा पत्ता नाही. शेवटचा धक्का ज्यांना आवडला त्यांना आवडो. मला ती डिकी आधी उघडून हवी होती, म्हणजे तिच्यावर बसलेली प्रत्येक गोळी मला लागली असती.

आता काकांचा मुद्दा, गरगरण्याचा. काका खोटं बोलत नाहीत. मोठ्या पडद्यासमोर पुढच्या रांगेत बसून बॉर्नचा सिनेमा बघितला तर काहींना खरंच मळमळतं. त्यांना माझा सल्ला सोपा आहे, मागे बसा, नाहीतर घरच्या टीव्हीवर बघा. पण कॅमेरा हलतो कशासाठी, ते ऐकून घ्या.

ग्रीनग्रास मूळचा टीव्ही पत्रकारितेतला. ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनवर ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ नावाचा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम होता, तिथे तो तयार झाला. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात १९७२ला झालेल्या गोळीबारावर त्याने ‘ब्लडी संडे’ केला, २००२ साली. खऱ्या घटनेच्या गर्दीत सापडलेल्या कॅमेरामनला पुढच्या क्षणी काय होणार ठाऊक नसतं. आवाज आला की तो वळतो, तोवर अर्धी गोष्ट घडून गेलेली असते. मध्ये कुणाचा तरी खांदा येतो, फोकस जातो, परत मिळतो. बॉर्नमध्ये ग्रीनग्रास आणि कॅमेरामन ऑलिव्हर वुड यांनी हा उशीर मुद्दाम ठेवलाय. कॅमेरा माणसाच्या मागून धावतो, आधी जाऊन त्याची वाट बघत बसत नाही. आपल्याकडे याची नक्कल करताना कॅमेरा हलवतात खरा, पण त्याला सगळं आधीच माहीत असतं. हिरो वळायच्या आत हा वळलेला! मग ते हलणं म्हणजे कपडे चुरगाळून घालून गरीब दिसण्यासारखं.

‘अल्टिमेटम’मधला वॉटर्लू स्टेशनचा सीन हा या सगळ्याचा कळस. लंडनचं ते स्टेशन बंद करून तिथे ज्युनिअर आर्टिस्ट उभे केले नव्हते. चालू स्टेशनात, येणाऱ्याजाणाऱ्या खऱ्या प्रवाशांमध्ये बराच भाग शूट केला. (आपल्याकडे सीएसएमटीच्या गर्दीत कॅमेरा काढला की प्रत्येक माणूस आधी लेन्समध्ये बघतो आणि मग लोकलकडे, त्यामुळे मला याचं कौतुक जरा जास्तच.) ‘गार्डियन’चा एक पत्रकार, सायमन रॉस, बॉर्नला भेटायला आलाय. त्याने फोनवर एक गुप्त शब्द उच्चारल्यामुळे सीआयए त्याच्या मागावर आहे. बॉर्न येताजाता त्याच्या खिशात एक मोबाइल सरकवतो आणि लांब राहून त्याला फोनवरून चालवतो. आता थांब. आता खाली वाक, बुटाची लेस बांध. आता सरळ जा.

इथे तीन नजरा आहेत. रॉसला काहीच दिसत नाही, तो फक्त घाबरलेला. न्यूयॉर्कच्या ऑफिसात बसलेल्यांना स्टेशनवरचे कॅमेरे दिसतात, पण रॉसच्या कानात कोण बोलतंय हे सुरुवातीला कळत नाही. आणि बॉर्नला रॉसही दिसतो, त्याच्यावर पाळत ठेवणारी माणसंही दिसतात आणि कॅमेरेही. (अमेरिकेत बसून लंडनच्या स्टेशनवरचा कॅमेरा असा गर्रकन फिरवता येतो का, हे मला विचारू नका.) राउझ या तिघांत सतत कट मारत राहतो. प्रत्येक कटला एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला कळायची राहिलेली असते. रॉस वाकून लेस बांधतो आणि त्याच्या डोक्यावरून पाळतीवरच्यांची नजर निघून जाते, यात ना गोळी आहे ना ठोसा, तरी आपण खुर्चीत आक्रसतो. शेवटी रॉस धीर सोडतो, बॉर्न थांब म्हणत असताना बाहेर पडतो आणि मारला जातो. इतका वेळ आपण बॉर्नच्या बाजूने सगळं पाहत असल्याने रॉसचा राग येतो आणि कीवही येते, दोन्ही एकदम.

मुलांना मी या सीनवर एक खेळ करायला लावते. आवाज बंद करायचा, स्क्रीनसमोर बसायचं आणि आपली नजर जिथे असेल तिथे बोट धरायचं. कट आला की बोट कुठे जातं ते बघायचं. वॉल्टर मर्च या एडिटरने चांगला कट कशाकशावर ठरतो त्याची एक यादी केलीय. भावना, गोष्ट आणि लय यांच्यानंतर त्यात नजरेचा माग येतो. एका शॉटने तुमची नजर फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात सोडली तर पुढच्या शॉटमध्ये कामाची गोष्ट तिथेच आसपास हवी. वॉटर्लूमध्ये मुलांची बोटं फारशी उड्या मारत नाहीत. म्हणून तर एवढ्या तुकड्यांतून गोष्ट डोक्यात शिरते. अर्थात राउझला आणि ग्रीनग्रासला प्रत्येक वेळी हे जमलंय असं नाही. ‘सुप्रीमसी’मधली म्युनिकच्या घरातली हाणामारी, गुंडाळलेल्या मासिकाने बॉर्न मारतो ती, मला आजही मध्येच हरवते. कोण वर, कोण खाली, पत्ता लागत नाही. पण ते मासिक नंतर टोस्टरमध्ये खुपसून, गॅस सोडून तो घर उडवतो, तेव्हा मी सगळं माफ करते.

‘अल्टिमेटम’मधला टॅन्जिअरचा पाठलाग तर मी वर्गात तुकड्यातुकड्याने दाखवते. मोरोक्कोतलं जुनं शहर. देश नावाचा मारेकरी बॉर्नला मदत करणाऱ्या निकीच्या मागे, बॉर्न देशच्या मागे, पोलिस बॉर्नच्या मागे. निकी आणि देश खाली गल्ल्यांत, बॉर्न वर गच्च्यांवर. एवढं एकदा मनात बसलं की भिंती कितीही सारख्या दिसोत, आपण हरवत नाही. धावताधावता बॉर्न दोरीवरचे वाळत घातलेले कपडे ओढतो. का ते कुणी सांगत नाही. तो ते हाताला गुंडाळतो, आणि पुढची भिंत दिसते तिच्यावर काचा रोवलेल्या. आपल्याकडे कंपाउंडला अशा काचा बघत मोठं झालेल्या कुणालाही ते बघून तळहात झोंबतात. मग तो गल्लीवरून उडी मारून समोरच्या खिडकीतून आत जातो, आणि त्याच्या मागोमाग कॅमेरासुद्धा उडी मारतो. ती संगणकाची करामत नव्हे, हातात कॅमेरा घेतलेल्या एका स्टंटमनने खरोखर मारलेली उडी आहे.

आत गेल्यावर जी मारामारी होते तिच्यात संगीत नाही. संगीतकार जॉन पॉवेलचा ताल धावण्याभर वाजत असतो, तो इथे बंद. एकदा डोळे मिटून हा सीन ऐका. श्वास, फरशीवर घसरणारे पाय, पुठ्ठ्याच्या जाड पुस्तकाचा दणका, वस्तू फुटण्याचे आवाज, शेवटी टॉवेलने आवळलेला गळा. इतक्या बारीक तुकड्यांत डोळ्याला प्रत्येक ठोसा पूर्ण दिसतच नाही, तो कान पूर्ण करतो. ‘अल्टिमेटम’ला ऑस्करची तीन नामांकनं होती आणि तिन्ही मिळाली: एडिटिंग, साउंड मिक्सिंग आणि साउंड एडिटिंग. तीनपैकी दोन आवाजाची! तरी मुलं ॲक्शन एडिट करायला बसतात तेव्हा पहिल्या मिनिटाला ढोलताशासारखा ट्रॅक टाकतात आणि त्याच्या ठेक्यावर कट मारत सुटतात.

‘हे सगळं ठीक आहे ताई, पण माझ्याकडे आलेल्या फुटेजचं काय करू?’ हा पुढचा प्रश्न, तोही ठरलेला. फुटेज मला पाठ आहे. तीन कॅमेरे, तिन्ही हलतायत, तिन्हींत हिरोचा चेहरा. गुंड कुठल्या दारातून आले, चाकू आधी कुठे पडला होता, बाहेर जायला वाट आहे की नाही, यातलं काही कुणी घेतलेलं नाही. मग एडिटर बिचारा कट फास्ट करतो, कारण शॉट जरा थांबवला की खोलीत कुणाचा कुणाला पत्ता नाही हे उघडं पडतं. अशा वेळी अजून दोन फ्रेम काढून काही साधत नाही. पॅचवर्कचा, म्हणजे राहिलेले शॉट नंतर घेण्याचा, दिवस निघणार आहे का ते विचारा. निघणार असेल तर यादीत आधी दाराचा शॉट लिहा, मग चाकूचा, आणि जमलं तर हिरो दाराकडे बघतो तो एक. प्रॉडक्शनवाले म्हणतील, एवढ्यासाठी लाइट लावायचे? लावायला लावा.