ताडपत्रीवरून ग्लायडरवर : आमची वाटचाल

आमचा धंदा कव्हरं शिवायचा. डिचोलीला वर्कशॉप आहे, वडिलांनी चालू केलेलं, आणि खरं सांगायचं तर ते खाणींच्या जिवावर उभं राहिलं. खनिजाच्या ट्रकावर ताडपत्री हवीच, उघडा ट्रक रस्त्यावर काढायचा नाही, म्हणजे डिचोली, साखळी भागात जेवढे ट्रक तेवढं आम्हाला काम. शिवायचं काय तर सरळ चौकोनी तुकडा, कडेला दोरी घालून दुमडायचं आणि हातभर अंतरावर आयलेट ठोकत जायचं. त्यात डोकं लागत नव्हतं, मनगट लागायचं.

२०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, गोव्यात त्या वेळी जो होता त्याला वेगळं सांगायला नको. ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू. ज्याचा ट्रकच हलत नाही तो ताडपत्री कशाला घेईल? मधे खाणी परत चालू झाल्या, मार्च २०१८ ला परत बंद, पण तोवर आम्ही ट्रकांकडे बघायचं सोडून दिलं होतं. आम्ही होड्यांकडे वळलो होतो.

होडीने आम्हाला शिवण शिकवली असं आमचे मास्तर म्हणतात. (मास्तर म्हणजे आमचे मुख्य कारागीर, वडिलांच्या वेळेपासूनचे, मला अजून कधी कधी लहान पोरासारखं झापतात.) १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत मालिमच्या जेटीवर ट्रॉलर नुसते उभे, वर मुसळधार पाऊस. कव्हर सपाट शिवलं तर मधे पाण्याचं तळं साचतं आणि एका रात्रीत शिवण उसवते, म्हणून मधे उंचवटा द्यायचा. हवा खेळायला जागा ठेवली नाही तर आत बुरशी. नायलॉनचा दोरा उन्हात लवकर कुजतो म्हणून बाहेरच्या कामाला पॉलिएस्टरचा जाड दोरा. हे सगळं मालिमच्या लोकांच्या शिव्या खात शिकलो, शिव्या कोकणीतून असल्या की जास्त लागतात. मग शॅकवाल्यांची (किनाऱ्यावरची सीझनपुरती हॉटेलं) छतं आली, टुरिस्ट बोटी आल्या.

ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, काम आलं ते केरीवरून. केरी आणि हरमलच्या कड्यांवर सीझनमध्ये पॅराग्लायडिंग चालतं, दुपारी समुद्रावरून वारा येतो तो कड्याला आपटून वर चढतो, त्याच्यावर हे लोक तरंगतात. पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ तिथे यायचे, त्यांच्या पंखाची बॅग फाटली ती आम्ही शिवून दिली. टाके उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, ग्लायडरच्या कॅनोपीचं कव्हर कराल का? कॅनोपी म्हणजे पायलटच्या डोक्यावरचा तो पारदर्शक घुमट. मी लगेच हो म्हटलं, मापं व्हॉट्सॅपवर पाठवा म्हटलं. मापं आलीसुद्धा, फोटोसकट. मास्तरांनी मोबाईल हातात घेतला, बघितला आणि परत दिला. म्हणाले, ‘शेट, वस्तू बघितल्याशिवाय मी कात्री लावणार नाही, तुम्हाला लावायची तर लावा.’ झालं, गाडी काढली. चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर करत रात्रभर, सकाळी पुण्याचं हडपसर.

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर डीजीसीएच्या, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, अखत्यारीतलं. चारी बाजूंनी शहर वाढलेलं आणि मधेच हे मोठं गवताळ मैदान, विश्वासच बसत नाही. ग्लायडर दोन सीटचं, जर्मन बनावटीचं, एएसके २१. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत १७ मीटर आणि रिकामं वजन साधारण ३६० किलो, सगळं फायबरग्लासचं. फायबरच्या होड्या आम्ही रोज बघतो पण हे फिनिशिंग बघून मास्तर हात लावायला घाबरत होते. इंजिन नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच (केबल गुंडाळत खेचणारं यंत्र) असते, तिची लांबलचक केबल ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकाला लावायची आणि विंचने खेचायचं, पतंगाला ढील न देता पळत ओढतो ना तसं, की हे वर.

सकाळी आधी तपासणी. एक जण आत बसून दांडा हलवतो, दुसरा बाहेर पंखाची हलणारी पट्टी हाताने दाबून धरतो, म्हणजे जोडणी खरंच घट्ट आहे का ते कळतं. मग ढकलत ढकलत लॉंचच्या जागी. आणि मग थांबायचं. मला वाटलेलं दिवसभर उडणं बघायला मिळणार, प्रत्यक्षात एक फेरी पाचसात मिनिटांची आणि बाकी सगळं ढकलणं, केबल ओढून आणणं, वारा फिरला म्हणून थांबणं, परत ढकलणं. विद्यार्थी पोरंपोरी उन्हात टोप्या घालून हेच करत होती, आणि हौसेने करत होती.

या थांबण्यातच आम्हाला आमचं काम दिसलं. ग्लायडर उभं राहिलं की कव्हर चढवायचं, नंबर आला की काढायचं, दिवसातून कितीदा तरी. नुसतं धूळ बसू नये म्हणून नाही. कॅनोपी गोलसर, ती उघडी राहिली आणि ऊन नेमक्या कोनातून आलं तर भिंगासारखे किरण एकत्र येतात आणि आतली सीट जळू शकते, असं जगात झालेलं आहे. होडीचं कव्हर एकदा बांधलं की दोन महिने कोणी हात लावत नाही. इथे एकट्या माणसाने, वाऱ्यात, पटकन चढवता आणि काढता आलं पाहिजे. खाली वाकून बकल लावायला लावलं तर तिसऱ्या वेळी कोणी लावणारच नाही.

मास्तर तोवर गवतात उकिडवे बसून आपल्या पॅंटला लागलेली कुसळं उपटत होते. एकदम म्हणाले, अस्तर बदला. आम्ही आतून मऊ लोकरीसारखं कापड लावणार होतो, कॅनोपीच्या अ‍ॅक्रिलिकवर चरे पडू नयेत म्हणून. पण कव्हर काढून माणूस ते टाकणार कुठे, गवतात. मऊ कापडात कुसळ अडकलं की पुढच्या वेळी तेच कॅनोपीवर घासणार. म्हणजे अस्तर गुळगुळीत हवं, ज्यावर काही चिकटत नाही असं, आणि कव्हरलाच एक पिशवी शिवलेली हवी की काढलं की त्यातच कोंबलं, जमिनीला लागायलाच नको. घरी बसून हे आयुष्यात सुचलं नसतं.

दुपारी मला पुढच्या सीटवर बसवलं. एक मुलगा पंखाचं टोक धरून उभा, कारण ग्लायडर एका बाजूला कलूनच बसतं. केबल ताणली गेली, तो दोन पावलं पळाला आणि मग काही कळलंच नाही, नाक वर, समोर नुसतं आकाश, पोट खाली हडपसरलाच राहिलं. हजारेक फुटांवर मागच्या इन्स्ट्रक्टरने पिवळी मूठ ओढली, खट्ट आवाज आला, केबल सुटली. नंतर फक्त वाऱ्याची सळसळ, मागच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. समोर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या, इन्स्ट्रक्टर म्हणाले तिकडेच जाऊ, घार फुकट फिरत नाही. खाली जमीन तापली की गरम हवेचा खांब वर चढतो, तो घारीला बरोबर सापडतो. आम्ही त्यात शिरलो आणि सीटखालून कोणीतरी उचलल्यासारखं झालं. मी विचारलं, मग आमच्या गोव्यात का नाही करत हे? ते म्हणाले, किनाऱ्यावर समुद्राचा गार वारा आत येतो आणि हे खांब नीट उभेच राहू देत नाही, घाटावरची तापलेली कोरडी जमीन पाहिजे. वारा तोच, केरीच्या कड्यावर तो उचलतो आणि गरम हवेचे खांब मात्र मोडतो.

शांत हवेत हे ग्लायडर एक मीटर खाली येताना साधारण ३४ मीटर पुढे जातं. एवढं हिशोबी यंत्र, आणि कॅनोपीवर माझ्या डोळ्यांसमोर काय तर टेपने चिकटवलेला लोकरीचा एक लाल धागा! तो सरळ मागे उडत असेल तर ग्लायडर हवेत सरळ चाललंय, तिरका झाला तर पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून सुधारायचं. मी शिंप्याचा पोरगा, उरलेला वेळ त्या धाग्याकडेच बघत बसलो. उतरल्यावर आधी मास्तरांना धागा दाखवला. ते म्हणाले, ‘मी सकाळीच बघितला, तिथे वेल्क्रो येता कामा नये, धागा ओढून नेईल.’ कव्हरमध्ये वेल्क्रो कुठेच नाही ते म्हणूनच, कडेला नुसतं इलॅस्टिक आणि एक ओढायची नाडी.

पिटो ट्यूबच्या टोपीचंही तिथेच ठरलं. त्या नळीतून वेग मोजतात, तिच्यावर टोपी तशीच राहिली तर वर गेल्यावर वेगाचा काटा खोटं सांगतो. आम्ही टोपीला लाल पट्टी लावणार होतो, वीतभर. तिथल्या एका मुलीने सांगितलं, दादा, हातभर करा, वाऱ्यात फडफडली पाहिजे, लांबून दिसली पाहिजे. केली.

या कामात पैसे किती मिळाले असं सगळे विचारतात. फार नाही. देशात ग्लायडरच मोजके, त्यावर वर्कशॉप चालायचं नाही, आमचं घर आजही होड्या आणि शॅकच चालवतात. पण तेव्हापासून फोटोवरून माप घेणं आम्ही बंद केलं. आता वस्तू जिथे उभी असते तिथे जाऊन बघतो, कोण झाकतं, कोण काढतं, काढून कुठे टाकतं. बोटवाल्यांना आधी हा वेळकाढूपणा वाटायचा, हल्ली तेच फोन करून विचारतात, मास्तर कधी येतायत. पिशवी जोडलेलं कव्हर आता जेट स्कीवाले पण मागतात, वाळूचं दुखणं तेच.

पावसाळ्याची कव्हरं हवी असतील तर मार्चमध्येच सांगा. मे महिन्यात सगळा किनारा एकदम जागा होतो आणि मास्तर फोन उचलत नाहीत.